चार नंबरचं बाथरूम

नागावच्या त्या होमस्टेमध्ये किशोरी नऊ वर्षं खोल्या आवरत होती. पाच खोल्या, पाच बाथरूम आणि रविवारी पाहुणे गेले की ओल्या चादरींचा ढीग. गुडघे केव्हाच बोलायला लागले होते.

खोलीत शिरली की ती आधी खिडक्या उघडायची. एसी लावून चार-पाच माणसं झोपलेली असायची. दारातच कोंदट वास अंगावर यायचा. मग वारा आत खेळेपर्यंत ती पायरीवर टेकायची. मालक जीवनला तो कामचुकारपणा वाटायचा.

"काकू, एसी असताना खिडक्या कशाला?"

"एसी आतलीच हवा गार करतो रं. नवी कुठून आणंल?"

गेल्या थंडीत चार नंबरच्या पाहुण्यांनी बाथरूममध्ये डास येतात म्हणून कटकट केली. जीवनने खिडकीच्या उघड्या काचपट्ट्या काढून तिथे सलग काच ठोकली. आत गॅसचा गीझर होता. गरम पाणी सोडून फरशी घासली की किशोरीचं डोकं जड व्हायचं, मळमळायचं. बाहेर येऊन बसलं की बरं वाटायचं.

"गीझर भाईर लाव, न्हायतर ती काच तरी काढ," तिने जीवनला सांगितलं.

"सीझन संपू दे, काकू."

तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग तिचा जीव कंटाळला. तेच तेच सांगायचं म्हणजेही कामच, आणि तिच्या वाट्याला कामं काय कमी होती?

त्याच थंडीत, जानेवारीतल्या एका सकाळी ती चार नंबरसमोर केर काढत होती. पुण्याची हेतल आंघोळीला गेलेली, नवरा ऋत्विक पडवीत फोनवर बोलत होता. आत पाणी वाहतच होतं, पण बादलीचा, तांब्याचा कसलाच आवाज नव्हता. किशोरीने झाडू टाकला आणि बाथरूमचं दार वाजवलं.

"ताई? अवं ताई!"

उत्तर नाही. ती ओरडली, "साहेब, दार मोडा!"

ऋत्विकने धडका दिल्या, तिसऱ्या धडकेला कडी निखळली. हेतल नळाखाली कोसळली होती. किशोरीने तिला टॉवेलात गुंडाळलं, दोघांनी उचलून थेट अंगणात आणलं. जीवन पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"पानी नको. बाजूला व्हा, वारा लागू दे तिला!"

बऱ्याच वेळाने हेतलने डोळे उघडले, भडाभडा ओकली. अलिबागच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

संध्याकाळी जीवन हळूच म्हणाला, "काकू, चक्कर आली एवढंच सांगा कुणी विचारलं तर."

किशोरीत चिडायचंही बळ उरलं नव्हतं. "इचारतील त्यांना खरं तेच सांगीन," ती म्हणाली. मग तिने वाडीतला कोयता आणला आणि उलट्या बाजूने ती काच फोडली. जीवन बघत राहिला. त्याच आठवड्यात पाचही गीझर भिंतीबाहेर गेले.

महिन्याभराने हेतलचा फोन आला. "काकू, तुमच्यामुळे वाचले."

 तीनदा सांगून आपण थांबलो, हे किशोरीला रोज खात होतं.

"जेवतेस ना नीट?" तिने एवढंच विचारलं.