अध्यक्षांचा हार

चिटगुप्प्याच्या बाजारात हार विकणारी एक बाई होती. दोरा दातांत धरूनच ती बोलायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी गजरा घेत असताना एका पक्षाचे कार्यकर्ते तालुकाध्यक्षांच्या चौकातल्या सत्काराचा हार न्यायला आले. त्यांच्यासोबत पक्षाची एक बाईही होती. पक्षातल्याच एका पोरीनं अध्यक्ष अंगचटीला आल्याची तक्रार केलेली. ते साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

"त्या पोरीच्या तक्रारीचं काय झालं, अण्णा?" हारवालीनं विचारलं.

"ती पक्षाच्या घरातली बाब हाय, अक्का. आमी बघायलोत."

तिनं हार परत टोपलीत ठेवला. "मग हार बी घरातच घाला की. चौकात कामून घालायलाव?"

आम्ही सगळे हसलो. पण सगळ्यांत आधी हसली ती कार्यकर्त्यांसोबत आलेली बाई. हसता हसताच तिनं गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून पिशवीत कोंबलं.