रशियन बाईंच्या विभक्त्या

"शेवट! शब्दाचा शेवट गिळू नकोस!" असं म्हणत त्या बोटानं हवेत एक शेपूट काढायच्या. रशियन भाषेचा सगळा जीव शब्दांच्या शेपटीत, असं त्यांचं म्हणणं.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये आमच्या शेजारच्याच घरात त्या राहायच्या. निवृत्त रशियन शिक्षिका, नवरा डच. लॉकडाउनमध्ये माझा नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये बुडालेला. मग मी अंगणात खुर्ची टाकली, बाईंनी दीड मीटरवर त्यांची. इंग्रजी-डचच्या खिचडीत रशियनची शिकवणी सुरू झाली. विमानं थांबलेली, आकाश इतकं निवांत, की बाईंचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटायचा.

तुम्हालाही गंमत वाटेल, मला ती भाषा परकी वाटेना. आपला तो 'गेला', ती 'गेली'. त्यांच्याही भूतकाळात तसाच 'ल' आणि तसंच लिंग. आपल्या दुधाला 'दुग्ध' आहे, तसे त्यांच्याकडेही चर्चमधल्या जुन्या भाषेतून आलेले जोडीदार शब्द.

"आणि छत्री या डच लोकांची," त्या म्हणायच्या. त्यांचा एक झार इथं जहाजबांधणी शिकायला आला, मागोमाग खलाशांचे शब्द तिकडे गेले. डेकवरच्या उन्हाच्या छताचा डच शब्द रशियात 'झोंतिक' झाला, म्हणजे छत्री. शेवटचा 'इक' लोकांना लहान वस्तूला लावायचा लाडाचा प्रत्यय वाटला, म्हणून तो गाळून मोठी छत्री झाली 'झोंत'! सांगताना डोळे मिटून हसायच्या.

बाईंचा नवरा शुश्रूषागृहात होता आणि भेटी बंद. रोज दुपारी त्या तिथल्या हिरवळीवर उभ्या राहायच्या. तो काचेआड, दोघांच्या कानाला फोन. तो बाईंसाठी रशियन शिकलेला, पण विभक्ती कधी जमली नाही.

"जन्मभर 'तू विना' म्हणतोय," त्या सांगायच्या. "शिक्षिकेच्या घरात!"

एकदा मीही सोबत गेले. त्यानं काचेवर तळवा टेकवला, हळूच काही बोलला. परतताना बाई सायकल हातात धरून नुसत्या चालत राहिल्या.

"काय म्हणाले?"

"'तुझ्याविना करमत नाही.'" त्या थांबल्या. "विभक्ती बरोबर होती." आणि रडू लागल्या.

त्याच उन्हाळ्यात तो गेला.

रशियनमध्ये 'आहे' म्हणावं लागत नाही. 'तो घरी' एवढं पुरतं. 'होता' मात्र टाळता येत नाही. पुढे कितीतरी दिवस बाई त्याच्याबद्दलची वाक्यं क्रियापदावाचूनच सोडत राहिल्या.

पानगळीत त्यांची मुलगी त्यांना नायमेखनला आपल्या घरी घेऊन गेली. निघताना बाईंनी गाडीची काच खाली केली, आणि मला समजेल अशा सावकाश रशियनमध्ये म्हणाल्या, "तो चांगला माणूस होता."

मग काच वर गेली, आणि गाडी धुक्यात मिसळली.