नास्तिक बाईचा आल्टो

आमच्या घरात देव नव्हते. वडील कापड गिरणीत युनियनचं काम करायचे आणि सत्यनारायणाच्या प्रसादालाही हात लावायचे नाहीत. लग्नही मी तसल्याच माणसाशी केलं. नवरा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि संध्याकाळी विवेकवाद्यांच्या मंडळात जायचा. तिथे सात-आठ पुरुष चहा पीत एकमेकांना देव नाही हे पटवून देत. न पटलेला असा एकही माणूस तिथे कधी फिरकला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. भिंतीपलीकडे एक नर्स एकट्या राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. डिसेंबर लागला की त्यांच्याकडे चर्चची दहा-बारा माणसं नाताळच्या गाण्यांची तालीम करायला जमत. पहिल्याच वर्षी नवरा वैतागून मला म्हणाला, "जा, जरा हळू गा म्हणावं. यांचा देव बहिरा आहे की काय!"

मी गेले ती दीड तासाने परत आले.

झालं असं, की मी दारात उभी राहिले तेव्हा गाणं चालू होतं आणि ते मध्ये थांबवायचा मला धीर होईना. आम्हाला माहीत असलेल्या गाण्यात सगळे जण एकच चाल म्हणतात. इथे चार-पाच माणसं चाल म्हणत होती आणि बाकीची तिच्या खाली, बाजूला, आपापल्या वाटेने चालली होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. दोन बायका तर जवळजवळ एकाच स्वरावर ठाण मांडून होत्या, आणि त्या होत्या म्हणून वरची चाल अशी काही उजळत होती की माझ्या अंगावर काटा आला.

"काय हवंय, बाई?" सिस्टरनी विचारलं. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला सगळे बाई म्हणत.

"त्या दोघी काय गातायत?"

"आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा स्वर. तिसरी बाळंत झालीय, म्हणून आवाज कमी पडतोय. तुम्हाला सूर आहे?"

"आहे. पण माझा देवावर विश्वास नाही."

"तो मी विचारला का? बसा."

मी बसले. त्या वर्षी नाताळच्या सकाळी उपासनेत उभी राहून गायलेसुद्धा.

झालं! चर्चमधले एक गृहस्थ दर रविवारी हातात पुस्तिका घेऊन आमच्याकडे यायला लागले. मी सुरात गायले याचा अर्थ मी बुडत होते आणि यांनी दोर टाकला होता, असा त्यांचा समज. ते आवाज मऊ करून म्हणाले, "बाई, प्रभू तुमच्या दारावर ठोठावतोय."

"दारावर नाही, भिंतीवर. आणि ठोठावतोय तो तुमचा ढोलकीवाला. त्याला लय सांभाळायला सांगा."

पुस्तिका बंद झाल्या, पण प्रार्थनेत माझ्यासाठी एक ओळ वाढली. ती ते गृहस्थ माझ्या देखत, माझ्या आत्म्याची कीव करत म्हणायचे. मी त्या वेळात पुढच्या गाण्याचा पहिला स्वर मनात धरून ठेवायचे.

दुसऱ्या बाजूने मंडळाचे चिटणीस आले. माझ्या नवऱ्याला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने यांना पाठवलं असावं. खुर्चीच्या टोकावर बसून ते म्हणाले, "वहिनी, हा वैचारिक प्रश्न आहे. चर्चमध्ये गाणं म्हणजे श्रद्धेला बळ देणं."

"तुम्ही दिवाळी पहाटेला कल्याणला अभंग ऐकायला गेला होतात. डोळे मिटून डोलत होतात."

"ती आपली संस्कृती आहे. ते वेगळं."

म्हणजे यांचा देव नव्हता, पण जो नव्हता तो आपल्यातला होता. दुसऱ्यांच्यात जाऊन नास्तिक राहायची यांना परवानगी नव्हती! मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते उठून गेले. नवरा पेपरमागे लपून बसला होता.

"तू काही बोलणार आहेस?" मी विचारलं.

"तो डोलत होता खरा," तो म्हणाला.

राहिली बिल्डिंग. पुढे बरीच वर्षं मी बाटल्याची कुजबुज जिन्यात चालू होती. नव्वदीनंतर केव्हातरी गणपतीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला दारात गाठलं. मागे त्यांचा गणपती, भोवती गाणाऱ्या दिव्यांची माळ, लाल-हिरवी, किरकिरी.

"बाई, स्पष्टच विचारते. तुम्ही ख्रिश्चन झालात का हो? हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही ते मला ठरवायचंय."

मी उत्तर देणार, तेवढ्यात माळेकडे लक्ष गेलं. मला हसूच फुटलं. "काकू, तुमची माळ नाताळचं गाणं वाजवतेय."

"काहीतरीच! उल्हासनगरहून आणलीय, सिंधी शेटजींकडून. गणपतीचीच म्हणून दिली त्यांनी."

मग मी त्या किरकिरीबरोबर मराठी शब्द घालून अख्खं कडवं म्हटलं, येशू, गोठा, मेंढपाळ सगळ्यांसकट. माळ आणि मी बरोबर एकाच वेळी संपलो. घरातली पोरं पाच दिवस तीच धून ऐकत होती. तीही 'ला ला' करत मागून गात होती. काकूंनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा माळेकडे. मग म्हणाल्या, "शब्द तुम्ही घातलेत. चाल काही कुणाच्या बापाची नसते."

इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते? पण ते त्यांना माळ वाचवायची म्हणून सुचलं. माळ विसर्जनापर्यंत वाजत राहिली आणि हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही ते नाहीच.

नव्वदचं दशक संपता संपता चर्चने कीबोर्ड घेतला. बटण दाबलं की ठेका सुरू. नवीन पोरं माइक तोंडात घालून सगळी एकच चाल ओरडू लागली. आल्टो कुणाला नकोच होता. श्रद्धा सगळ्यांकडे भरपूर होती, कान कुणालाच नव्हता. मी एक डिसेंबर सहन केला आणि जायचं बंद केलं. पुस्तिकावाले गृहस्थ बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "शेवटी सैतानाने तुम्हाला ओढलंच."

"हो, तो सुरात गातो," मी म्हटलं.

सिस्टर निवृत्त होऊन बदलापूरला राहायला गेल्या होत्या. त्यांनाही तो कीबोर्ड सोसला नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांनी जुन्यांपैकी दोघा पुरुषांना आणि मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर टेबल पुसलं आणि आम्ही चौघं चार आवाजांत गायला बसलो. सिस्टरचा वरचा स्वर आता थरथरायचा, पुरुषांपैकी एकाला दमा. तरी तिसऱ्या गाण्याला सगळं जुळून आलं आणि पहिल्या दिवसासारखा काटा आला.

संपल्यावर सिस्टरनी हात जोडून प्रार्थना सुरू केली. त्या दोघांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले आणि ताटलीतली करंजी उचलली.

"आमेन होऊ द्या, मग खा," डोळे न उघडता सिस्टर म्हणाल्या.

मी खाल्ली.