साखऱ्याजवळच्या तांड्यावर नवऱ्याची बहीण शोधताना

"हिंगोलीला कशाला?" हा प्रश्न मला लेकापासून पेट्रोल भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. महाबळेश्वरला निघालेल्याला असं कुणी विचारत नाही.

कारण सुधाकर, माझा नवरा. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर. त्याची पहिली नेमणूक सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर झाली होती. तिथे कामाला येणाऱ्या, बंजारा तांड्यावरच्या सोनाबाईनं त्याला राखी बांधून भाऊ मानलं होतं. मग बदली झाली आणि भाऊ गायब. आता ती आहे का, हे त्याला बघायचं होतं. ही नणंद मला इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळली.

संभाजीनगरहून जालना, मंठा, जिंतूर करत औंढ्याला जा. सकाळी लवकर निघालात तर जेवायला पोचता. सुधाकर घरी मुका असतो, पण स्टिअरिंग हातात आलं की बोलतो. या वेळी त्यानं आख्खं आयुष्य सांगायला काढलं. नेमणुका, साहेब, फुटलेले बांध, सगळं क्रमानं. फक्त सांगताना एक गाव आलं की तो थेट पुढच्या बदलीवर उडी मारतो. त्या गावी आमची पहिली मुलगी, अनघा, आठ महिन्यांची असताना तापानं गेली. त्यानंतर त्याच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलेलं नाही. मंठा ओलांडल्यावर त्याच्या बोलण्यात ते गाव आलं, उडी पडली, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

औंढ्याला भाकरी, पिठलं आणि ठेचा खा. मंदिर सुंदर आहे, पार्किंगबद्दल न बोललेलं बरं. तिथून सिद्धेश्वरला गेलो. पाण्याकाठी जाळी वाळत होती. सुधाकर कालव्याच्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, "आयुष्यभर पाणी पुढे ढकललं मी, दुसरं काय केलं?" मी म्हटलं, पगार घेतलास. तो हसला नाही.

मुक्काम हिंगोलीत केला. बाराशेची खोली, गरम पाणी बादलीतून. फेब्रुवारीत गेलात तर रस्त्याकडेला हळद शिजताना दिसेल. मोठ्या कढयांतून वाफ निघते आणि मातीचा नि औषधाचा मिळून वास येतो. मी गाडी थांबवून अर्धा तास प्रश्न विचारले, आणि कुणी कंटाळलं नाही.

सकाळी नरसी नामदेव पाहिलं. देऊळ शांत होतं, चहा चांगला. पण बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी एका पुरुषाच्या खिशात. तो जेवायला गेला होता. यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग सेनगावकडून साखऱ्याच्या बाजूला वळलो. दोन्हीकडे तूर काढून झालेली कोरडवाहू रानं. विचारत विचारत तांड्यावर पोचलो, तर सुधाकर गाडीतून उतरेना. मेली असेल तर मला इथेच सांग, म्हणाला. मी उतरले. लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्याला सोनाबाईबद्दल विचारलं.

"हाय की. काहून? कोन तुमी?"

कालव्यावरच्या साहेबाची बायको, असं सांगितलं. तो उठून घरात गेला. थोड्या वेळानं एक वाकलेली बाई बाहेर आली, गाडीजवळ गेली, तोवर उतरलेल्या सुधाकरला तिनं निरखलं, त्याच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडायला लागली. साधं रडणं नव्हे. लांब सुरात, त्यांच्या बोलीत, ओळीमागून ओळ. मला वाटलं हिला धक्का बसला. मी पाण्याची बाटली घेऊन धावले आणि तिला सोडवायला लागले. आसपासची माणसं मात्र निवांत बसून होती. तिच्या सुनेनं माझा हात धरला.

"काहून घाबरून राहिल्या, माय? आमच्यात फार दिसानं मानूस भेटलं की असंच भेटतेत. रडता रडता मागचं समदं सांगायचं. मधी तोडू नका."

ती माझ्या कानात अर्थ सांगत राहिली. मालक गेला म्हनती. थोरला ऊसतोडीला गेला तिकडंच राहिला म्हनती. भावा, तू कुठं व्हतास, म्हनून राहिली. मग सोनाबाई थांबली, पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. सून म्हणाली, पुरुषमाणसं नुसता डोक्यावर हात ठेवतात, तेवढं पुरतं.

सुधाकरनं हात ठेवला. मग आपल्या सपाट आवाजात, हजेरी द्यावी तसं बोलायला लागला. लग्न झालं. आई गेली. "पहिली पोरगी झाली होती, बाई. अनघा. आठ महिन्यांची गेली. मी साइटवर होतो. पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं."

सोनाबाईनं पुन्हा सूर धरला, या वेळी एकटीनं नाही, सूनही रडायला लागली. पाण्याची बाटली हातात घेऊन मी उभी होते. इतकी वर्षं वाट बघितली मी, आणि सांगितलं कुणाला, तर या बाईला.

मला राग आला होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही. तिथला काळा चहा मात्र मी दोनदा प्यायले. निघताना सोनाबाईनं माझ्या हातात ओल्या हळदीचा गड्डा ठेवला आणि भावजय म्हणून माझ्या गालावरून बोटं फिरवली.

घरी येऊन आठवडा झाल्यावर मी सरळ विचारलं, तिला सांगितलंस, मला का नाही?

तो खरोखर गोंधळला. "तुला काय सांगणार? तू तर तिथे होतीस. तिला माहीत नव्हतं."

त्याच्या डोक्यात हे इतकं सरळ होतं! त्यावर भांडायला माझ्याकडे बरंच होतं. पण मग लक्षात आलं की तिथे तो नव्हता, मी होते; आणि अनघा गेली त्या दुपारी काय झालं हे त्याला कुणीच कधी सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं नाही, मी बोलले नाही.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला सूर बिर येत नाही. "सकाळी तू गेलास, तेव्हा ती हसत होती," इथून मी सुरुवात केली.