पिकअपच्या हौद्यात जस्मिनताई

जस्मिन गायकवाडच्या शूटिंगवर सगळं ‘लय भारी’ असायचं. सीन लय भारी, डायलॉग लय भारी, ताईंनी नवा गॉगल घेतला तर तोही लय भारी. एवढं सगळं भारी असताना ‘सैल कासरा’ ही मालिका बघणारी माणसं दर आठवड्याला कमी का होतात, हे कोडं मात्र सुटत नव्हतं. म्हणजे सुटलेलं सगळ्यांनाच होतं. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, एवढाच प्रश्न होता.

जस्मिन शिरूरच्या मिशन कंपाउंडातली. आई नर्स, आणि पोरीनंही नर्सच व्हावं हा आईचा हट्ट. पोरीनं सुई सोडून कॅमेरा धरला. लग्नांचे व्हिडिओ काढता काढता दौंड तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुली तिनं रडताना टिपल्या. मग यवतला खोली घेतली आणि राहू गावच्या माणसांना घेऊन यूट्यूबवर मालिका सुरू केली. कोबी पिकवणारा बाळासो सासरा झाला, शेवंती तोडणारी कुशाबाई त्या सासऱ्याची बहीण झाली, आणि कॅमेरा ज्ञानेशकडे गेला. पहिल्या वर्षी मालिका अशी चालली, की कुशाबाई बाजारात गेली की भाजीवाल्या तिला ‘आत्याबाई’ म्हणून मेथीची जुडी फुकट द्यायच्या.

बाई हुशार, कष्टाळू, दिलदार. पण राग नाकाच्या शेंड्यावर. जावयाचं काम करणाऱ्या सत्यजीतनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “ताई, ह्यो डायलॉग शिळा वाटतोय.” ताई नुसत्या हसल्या. पुढच्याच भागात जावई दुबईला नोकरीला गेला, तो काही परत आला नाही. तेव्हापासून कुणाच्या जिभेवर खरं आलंच, तर शेजारचा कानाशी लागायचा, “काय रं, दुबईला जायाचंय का?”

आता मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता. तो यवतच्या मंगल कार्यालयात, मोठ्या पडद्यावर, गावासमोर दाखवायचा ठरला होता. मोबाइलवर नाही आवडलं तर माणूस बोटानं पुढं सरकवतो. पण समोर बसलेलं गाव उठून गेलं तर? हीच जस्मिनची धास्ती होती. शेवट तिनं जीव ओतून लिहिला होता. आत्या भावासाठी जमिनीतला हिस्सा सोडते, आनंदाश्रू ढाळते, आणि भाऊ तिच्या त्यागावर लांबलचक भाषण करतो. सगळे म्हणाले, लय भारी.

एके दिवशी राहूत शूटिंगनंतर तिची स्कूटी पंक्चर झाली, म्हणून ती बाळासोच्या पिकअपमध्ये त्याच्याशेजारी बसली. सकाळी कोबी आणि संध्याकाळी कलाकार वाहणारी गाडी ती. मागं हौद्यात बाकीची मंडळी. सामान चढवायच्या गडबडीत ताई पुढं बसल्यात हे कुणी बघितलंच नाही. आणि केबिनची मागची काच केव्हाच फुटलेली.

“बाळासोचं भाषान सुरू झालं की मान्सं लाइट बिल भरून येत्याल,” मागून ज्ञानेशचा आवाज आला.

“आन् मला रडाय लावलंय,” कुशाबाई म्हणाली. “त्ये बी आनंदानं! हिस्सा सोडताना कोन बया आनंदानं रडती रं?”

हौदा हसून हसून हलायला लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी बाळासोनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एकदा वाजवला, दोनदा वाजवला, मग सोडेचना.

“कुत्रं हाय, कुत्रं,” तो समोर बघत म्हणाला.

“बाळासो, हॉर्न सोडा,” जस्मिन म्हणाली. “मला ऐकू द्या.”

घरी येईपर्यंत तिनं मनातल्या मनात सगळ्यांना दुबईला पाठवलं होतं. विमानच भरलं म्हणा ना! मग चहा ठेवला, आणि चहा उकळता उकळता राग खाली बसला. उरलं ते जास्त बोचणारं होतं. हौद्यात एवढं नेमकं बोलणारी माणसं आपल्यासमोर आली की मुकी का होतात? उत्तर तिला ठाऊक होतं. दुबईच्या भागात तिनंच ते लिहिलं होतं.

तिनं सत्यजीतला फोन लावला. “परत ये. चुकलं माझं. डायलॉग शिळाच होता.”

पलीकडून हसू ऐकू आलं. मग सत्यजीत म्हणाला, “ताई, येतो. पर दुबईची चाकलेटं आनायची का?”

दुसऱ्या दिवशी शूटिंग उरकल्यावर जस्मिननं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ हौद्यात चढली. सत्यजीतही चढला. मंडळी अंग चोरून सरकून बसली. कोबीच्या पाल्यावर बूड टेकवत तिनं विचारलं, “शेवट कसा वाटतो?”

“लय भारी!” सगळे एका सुरात.

“काल मी पुढं बसले होते.”

ज्ञानेशनं चालत्या गाडीतून उडी मारता येईल का, याचा अंदाज घेतला. “ताई, त्ये लाइट बिल म्हंजी...”

“खरंच होतं. भाषण काढून टाकलं.”

गाडीला करकचून ब्रेक लागला. काचेच्या भोकातून बाळासोचं डोकं आत आलं. “काढलं? आख्खं?”

“आख्खं. आणि तुम्हाला राग आला असेल तर तोही इथंच बोला,” जस्मिन म्हणाली. “हे बघा, गावासमोर तोंडावर पडायची मला भीती वाटते. त्याआधी तुमच्यासमोर पडू द्या. इथून पुढं कुणी दुबईला जाणार नाही.”

ज्ञानेशनं कुशाबाईला कोपरानं ढोसलं. मग कुशाबाईनं पदर सारखा केला.

“मी सोडलाय हिस्सा, ताई. सही केली, भावाकडं हसत जेवले. घरी आले आन् भांडी घासाय बसले. अशी आपटली, अशी आपटली, पातेल्याला पोचा पडला.”

“पण बघणाऱ्याला शेवटी बरं वाटायला नको का?” जस्मिन फटकन बोलून गेली. आवाज चढला होता. कुशाबाईची मान खाली गेली, ज्ञानेश बाहेर बघू लागला. नुकतंच उघडलेलं दार जस्मिनला डोळ्यांदेखत बंद होताना दिसलं.

“थांबा, थांबा. मी मधे बोलले. मावशी, तुम्ही बोला. पोचा पडला, मग?”

“मग काय. मालक म्हनले, काय झालं? म्हनलं, काय न्हाई.”

जस्मिननं कुशाबाईचा हात धरला. “हाच शेवट!” ती ओरडली. “मावशी, हाच!”

मग कुणी कुणाला आवरेना. ज्ञानेश म्हणाला, कॅमेरा हलवायचा न्हाई. सत्यजीत म्हणाला, पातेलं नवं नको. बाळासो फुरंगटून बसला होता, तोही शेवटी म्हणाला, “मला एक वाक्य तरी ठिवा. ‘काय झालं’ मी इचारतो. भाऊ म्हनून दारात उभा राहून इचारतो.” आणि ते इतकं बरोबर होतं, की जस्मिननं टाळीच दिली.

मंगल कार्यालय खचाखच भरलं. शेवटचा सीन आला. पडद्यावर आत्या भांडी आपटत होती, मागं पेटी वाजत होती. दारात भाऊ. “काय झालं?” “काय न्हाई.” पडदा काळा झाला तरी एक टाळी नाही. जस्मिननं ज्ञानेशचा दंड असा धरला, की बिचाऱ्याला कळ आली. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं नाक ओढलं, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. म्हातारे शिट्ट्या मारत होते, हो, म्हातारे! आनंदानं जस्मिनला हसावं की रडावं कळेना. जो तो येऊन हात धरत होता. “लय भारी, ताई, लय भारी!”

तेवढ्यात गर्दी रेटत कुशाबाई आली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. सरळ समोर उभी राहिली.

“ताई, येक सांगू का? भांड्यांच्या मागं पेटी कशापायी वाजिवली? आवाज दबला भांड्यांचा. पुरी हुती की नुसती भांडी.”

ती पेटी जस्मिननं स्वतः वाजवली होती, तीन संध्याकाळी बसून. अवतीभवतीची माणसं चपापली. जस्मिननं त्या म्हातारीला सगळ्यांदेखत गच्च मिठी मारली.

“मावशी, आणखी काय?”

“आनखी हाय की,” कुशाबाई म्हणाली. “बसा हितं.”