सळईवरचे पट्टे

रस्त्याला उतार आला की मंजिरीची मान आपोआप वळायची. आता परदेशात, कॅसल हिलमध्ये गाडी चालवतानाही तेच. शेजारी बसलेला नवरा, शैलेंद्र, म्हणायचा, "अगं बाई, आधी सिग्नल बघ, माती नंतर." पण करणार काय? सासवडकडच्या उघड्या डोंगरांवर माती अडवायला सहा वर्षं चर खणून घेतलेली बाई ती. उतार तिथे धूप, सपाटी तिथे निवांत, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

म्हणूनच उत्तर क्वीन्सलँडमधल्या एका दलदलीच्या जंगलाचा, धुपेचा धोका सांगणारा नकाशा तिने सल्लागार कंपनीच्या ऑफिसात बसून दोन दिवसांत उरकला. जमीन ताटासारखी सपाट, नकाशा हिरवागार. धोका नाही. त्या हिरव्यावर बोट ठेवून शेजारचे ऊसवाले जंगलाकडेचा, शेतातलं पाणी काढून नेणारा चर आणखी खोल करायची परवानगी मागणार होते. अहवाल शुक्रवारी जायचा होता. बुधवारी ती तिथे गेली, ती निव्वळ जाऊन आल्याची नोंद व्हावी म्हणून.

तिथली रेंजर ग्लेनिस, साठीची, मोजकं बोलणारी. तिने एक लोखंडी सळई दाखवली. बारा वर्षांपूर्वी पार खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकलेली, तेव्हा टोक जमिनीबरोबर होतं. आता ते मंजिरीच्या गुडघ्याला लागत होतं. दर वर्षी जमीन असेल तिथे ग्लेनिस पांढरा पट्टा मारायची. पट्टे खाली खाली उतरत गेले होते.

"सळई वर आली?" मंजिरीने विचारलं.

"नाही मेट, जमीन खाली गेली."

इथली माती म्हणजे पाण्यात बुडालेल्या पानामुळांचा हजारो वर्षांचा थर. चराने पाणी ओढून नेलं की ती सुकते, तिचा भुसा होतो आणि पावसात त्याच चरातून वाहून जातो. त्याला उतार लागतोच कशाला! मंजिरीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी तिने बॉसला, यतीनला, फोन लावला. "माझा नकाशा साफ चुकलाय."

"अगं, क्लायंटला दाखवून झालाय तो."

"माहितीये. चूक माझ्या नावावर लिही, पण तो हिरवा पाठवू नकोस."

"लाल कर," यतीन म्हणाला. "सोमवारपर्यंत मुदत मागतो."

चर खोल झाला नाही. उलट तीन ठिकाणी बांध घालून तो अडवला. दोन पावसाळ्यांनंतर मंजिरी रजा काढून पुन्हा तिथे गेली, तेव्हा घोट्याएवढं पाणी उभं होतं. ग्लेनिस रंगाचा डबा उघडून वाकली, सळईच्या बुडाशी पाण्यात हाताने चाचपलं आणि मंजिरीचाही हात तिथे नेला. जमीन गेल्या वर्षीच्या पट्ट्यालाच टेकली होती, त्याखाली गेली नव्हती.

ग्लेनिसने डब्याचं झाकण परत लावलं.