रंगाचा वास

"तुझं यंत्र खोटं बोलतं रे!" असं म्हणत मामा बाही वर सरकवायचे आणि हात माझ्या काउंटरवर असा टाकायचे, जणू वेलीवरून तोडलेला दुधीच.

तंजावरच्या राजवाड्यामागे माझं औषधांचं दुकान आहे. मी किती थापा मारतो ते कावेरीपलीकडेही ठाऊक आहे. दुकानात खरं बोलणारं एकच, प्रेशर मोजायचं यंत्र, आणि मामांचा राग नेमका त्याच्यावर.

मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. गल्लीच्या टोकाचं हिरव्या फाटकाचं घर त्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. एकेका विटेला त्यांनी नाव ठेवलं होतं, असं मी सांगतो. त्यात थाप फार थोडी. पुढे मुलाच्या गिरणीसाठी ते घर गहाण पडलं, गिरणी बसली, आणि एके सकाळी बँकेची माणसं फाटकाला कुलूप ठोकून गेली. त्या सकाळी गल्लीतल्या भिंतींनासुद्धा डोळे उगवले होते.

संध्याकाळी मामा दुकानात हजर. "घराला रंग लावतोय. तोवर मागच्या गल्लीत, माडीवर एक खोली घेतलीय."

"कुठला रंग, मामा?"

"पिवळा. फिका." मामांनी क्षणभरही विचार केला नाही. थापाड्या मी, पण तिथं मी हरलो.

आमच्या गावच्या मातीच्या बाहुल्या पाहिल्यात ना? टिचकी मारा, की मान हो हो करत डोलते. अख्ख्या गल्लीनं तशाच माना डोलावल्या. 'रंगकाम कुठवर आलं?' असंही विचारायचो आम्ही. मोठ्या प्रेमानं.

इकडे यंत्रावर मामांचा आकडा असा चढू लागला, की छप्पर फोडून थोरल्या देवळाच्या कळसाला टेकेल. मामांची झोप गेली. अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. मी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"मनाला काही लागलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंगाचा वास सोसत नाही," मामा म्हणाले. मी शेजारी बसून मान डोलावली.

नवरात्र आलं. आमच्याकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. त्याला कोलु म्हणतात. बायका एकमेकींकडे बघायला जातात, गाणं म्हणतात, हरभऱ्याच्या उसळीसारखं सुंडल खातात. मामींचा कोलु म्हणजे तर राजाचा दरबार. मामा काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "यंदाही मांडलाय. जागा जरा लहान आहे. घरच्यांना पाठव की. गल्लीतही सांग."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो, कशाला? आपण गेलो की ती खोली बघितली असं होईल. मामी लाजेनं अर्ध्या होतील." गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच मत पडलं. मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं. कुणीच गेलं नाही. मामांनीही मला काही विचारलं नाही. त्या दिवसांत ते हात टाकायलाही आले नाहीत.

दसऱ्याला एक बाहुली आडवी झोपवून कोलु संपवतात. त्याच सकाळी मामा आडवे झाले. अर्धं अंग गेलं.

लेक त्यांना चेन्नईला घेऊन गेली. निघायच्या दिवशी मामी दुकानात आल्या. त्यांनी एक डोलणारी बाहुली काउंटरवर ठेवली. म्हणाल्या, "तिथं जागा नाही. तुझ्याकडे राहू दे." मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "रोज सुंडल केलं रे. जिन्यावर पाऊल वाजलं की हे उठून दिवा मोठा करायचे. शेवटी आम्हीच दोघं खायचो."

मला काहीतरी थाप हवी होती. मी बाहुली उचलून यंत्राशेजारी ठेवली.

हिरव्या फाटकाचं घर आता दुसऱ्या कुणीतरी घेतलंय. या आठवड्यात तिथं बांबू बांधलेत, खरोखरचा रंग चाललाय. पिवळाच, फिका. वारा फिरला की वास थेट दुकानात येतो.

गिऱ्हाईकं विचारतात, "मामा कसे आहेत?"

"छान आहेत," मी म्हणतो. "हिंडतात-फिरतात."

काउंटरवर कुणाचा तरी धक्का लागतो, आणि यंत्राशेजारची बाहुली हो हो करत राहते.